आमच्या जुन्या गाडीचे ब्रेक

मोटारगाडीची स्तुती करावयाची झाली म्हणजे मनुष्य तिच्या धावेची स्तुती करतो. घाट कसा चढली, पुण्यास किती वेळात पोहोचली, एका लिटरमध्ये किती किलोमीटर गेली, हेच प्रश्न शेजारी विचारतात व याच प्रश्नांची उत्तरे मालक मोठ्या हौसेने देतो. ती थांबते कशी, हे मात्र आजवर आम्हांस एकाही शेजाऱ्याने विचारलेले नाही. वस्तुतः न धावणारी गाडी फार तर अंगणात उभी राहील व तिच्या टपावर मांजरे निजतील. परंतु न थांबणारी गाडी कोणाच्या घरी कोणता प्रसंग आणील हे सांगवत नाही.

गेल्या वर्षी या थांबण्याच्या प्रश्नाने आमच्या घरात जवळजवळ महिनाभर ठाण मांडले होते. प्रश्न दिसावयास क्षुल्लक होता. जुन्या गाडीच्या ब्रेकला मूळ कारखान्याचे म्हणून विकले जाणारे भाग घालावेत, की इतर उत्पादकांचे जे भाग बाजारात मिळतात ते घालावेत? परंतु त्याचा उलगडा करता करता आम्हांस जे शिकावयास मिळाले ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याजोगे वाटले, म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी ती 1989 साली घेतली व हयात असेपर्यंत दुसऱ्या कोणाच्या हाती सहसा दिली नाही. तिचा जन्म मुंबईस कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात झाला. ही कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केली. वालचंद सोलापूरचे, आणि त्यांच्या नावाचे वालचंदनगर तर आमच्या नीरेच्या पलीकडे इंदापूर तालुक्यात. त्यामुळे फलटणकरांस ही गाडी काहीशी शेजारघरची वाटत आली आहे. इटलीच्या फियाट कंपनीच्या 1100 या नमुन्यावर ती बेतलेली होती. पुढे तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले, आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने मुंबईकरांच्या दोनतीन पिढ्यांची ने-आण केली. चालू शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील तिची शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून निघाली. आता ती आमच्यासारख्या काही घरांत, बहुधा कोणाच्या तरी आठवणीखातर, सांभाळली जाते.

आमच्या घरी ती आठवण मातोश्रींची आहे. दर चैत्रात शिखर शिंगणापुरास शंभुमहादेवाच्या दर्शनास जावयाचे ते याच गाडीतून, असा त्यांचा नेम आहे. त्यातच गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांस अठरावे वर्ष पूर्ण झाले व वाहन चालविण्याचा परवाना हाती पडला. या खेपेस घाटात गाडी आपण चालविणार, असे त्यांनी आजीस परस्पर सांगूनही टाकले. तेव्हा एकाच गाडीत आमची मागची पिढी व पुढची पिढी बसणार होती, आणि दोघांची भिस्त चार चाकांवरील ब्रेकवर राहणार होती.

मार्गशीर्षातच गाडीने तक्रार सुरू केली होती. ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागले. पहिल्या दाबास गाडी मंदावत नसे, दोनदा तीनदा पंप मारावा लागे. थांबताना ती किंचित डावीकडे ओढ घेई. उसाचा हंगाम भरात होता. फलटणच्या आसपास या दिवसांत रात्री गाडी चालविणाऱ्यांस ठाऊक आहे की, दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात पुढे चाललेला असतो, त्याच्या मागे दिवा असेलच असे नाही, आणि तो दिसतो तेव्हा अंतर फार थोडे उरलेले असते. अशा रस्त्यावर तीनदा पंप मारण्यास सवड कोण देणार? आम्ही गाडी त्याच दिवशी मिस्त्रींच्या स्वाधीन केली.

मिस्त्रींनी चारही चाके उतरविली आणि आम्हांस जवळ बोलावून एक एक भाग दाखविला. ज्या विद्यार्थ्यांनी हे यंत्र उघडलेले पाहिले नसेल त्यांच्याकरिता त्याची रचना थोडक्यात सांगतो. पायाने पेडल दाबले म्हणजे मास्टर सिलिंडरातील दट्ट्या पुढे सरकतो व नळ्यांतील तेलावर दाब येतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम आपण वर्गात शिकतो. तोच नियम येथे पायाचा दाब एकाच वेळी चारही चाकांपर्यंत नेऊन पोहोचवितो. प्रत्येक चाकाशी एक लहान सिलिंडर असतो. त्यातील दट्टे बाहेर सरकतात व अर्धचंद्राकृती दोन शू फिरत्या ड्रमच्या आतील अंगास घासतात. शूवर चिकटविलेला वा रिव्हेटांनी बसविलेला जो पट्टा असतो त्यास आपल्याकडे लायनर म्हणतात. तेल बाहेर न झिरपावे म्हणून दट्ट्यांस रबरी वाट्या असतात. सर्व यंत्र एवढेच.

आमच्या गाडीत मागच्या एका चाकाच्या सिलिंडरातील वाटी झिजून तेल लायनरवर उतरले होते. त्या चाकाची पकड गेली होती, म्हणून गाडी दुसऱ्या बाजूस ओढत होती. पुढचे लायनर झिजून रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत आले होते. मास्टर सिलिंडरही आतून दाब सोडू लागला होता. म्हणजे दुरुस्ती एका भागाची नव्हे, सगळ्या संचाची करणे प्राप्त होते.

आता कोणाचे भाग घालावयाचे? घरात तीन पक्ष झाले. मातोश्रींचे म्हणणे, "तुझ्या वडिलांच्या गाडीला नकली काही घालू नकोस." चिरंजीवांनी चौकशी करून सर्वांत स्वस्त संच कोठे मिळतो ते शोधून काढले, त्याच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव वा गाव काहीच नव्हते, केवळ एक लाल पिवळे चित्र होते. मिस्त्रींचे मत मधले. ते म्हणाले, "सर, जुन्या गाड्यांना गावात सगळी हेच टाकत्यात, आन् चालतंय बी. पर तुमी घाटात जाणार. जरा नावाचा माल बघा." आमचा स्वतःचा ओढा प्रथम मातोश्रींच्या पक्षाकडे होता. मूळ कारखान्याचा भाग तो सर्वांत चांगला, ही समजूत आपल्या सर्वांच्या मनात खोल रुजलेली असते. तरी निर्णयापूर्वी दोन गोष्टी तपासून पाहाव्यात असे आम्ही ठरविले: ब्रेकवर प्रत्यक्ष भार किती पडतो, आणि ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ काय.

पहिल्या गोष्टीस गणित पुरले. आमची गाडी माणसांसह सुमारे 1,100 किलो भरते असे धरू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी थांबवावयाची म्हणजे तिच्या गतीतील सर्व शक्ती उष्णतेत बदलावयाची. ही उष्णता सुमारे अर्धा लिटर साधे पाणी उकळीस आणण्याइतकी असते, आणि ती तीनचार सेकंदांत निर्माण होते. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. ही झाली सपाटीवरील गोष्ट. तीनशे मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकच्या भरवशावर उतरला तर जी उष्णता उत्पन्न होईल तिने दहा लिटर पाणी उकळेल. मोगराळ्याच्या घाटाने दहिवडीकडून खाली येणाऱ्या, अथवा आदर्कीच्या घाटाने साताऱ्याहून परतणाऱ्या प्रत्येक गाडीस असे काही ना काही ओझे सोसावे लागते. ते ओझे लायनर, ड्रम, रबर व तेल यांनी वाटून घ्यावयाचे असते. चौघांपैकी एकाने कच खाल्ली तर उरलेल्या तिघांचा चांगुलपणा व्यर्थ जातो.

चांगल्या व सुमार लायनरात अंतर किती पडते, याचाही हिशेब आम्ही मांडला. ताशी 60 किलोमीटर वेगात मनुष्यास धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी गाडी सतरा मीटर पुढे जाते. त्यानंतर चांगली पकड असलेली गाडी सुमारे 23 मीटरांत थांबेल असे धरले, तर जिची पकड पाऊणपट आहे ती सुमारे 31 मीटर घेईल. फरक आठ मीटरांचा. कोणी म्हणेल, आठ मीटर ते काय? परंतु पहिली गाडी ज्या ठिकाणी पुरती उभी राहिली, त्याच ठिकाणी दुसरी अद्याप ताशी 30 किलोमीटर वेगाने चाललेली असते. उसाची ट्रॉली जर त्याच ठिकाणी उभी असेल, तर एकीचा मालक कपाळावरचा घाम पुसून घरी जाईल आणि दुसरीचा मालक दवाखान्यात जाईल. हा हिशेब आम्ही चिरंजीवांकडूनच करविला. त्यांनी तो दोनदा केला, आणि लाल पिवळ्या चित्राचा संच आपणहून यादीतून काढून टाकला.

आता ‘अस्सल’ या शब्दाकडे वळू. मोटारीवर ज्या कारखान्याचे नाव असते त्यानेच तिचा प्रत्येक भाग घडविलेला असतो, असे पुष्कळांस वाटते. तसे नसते. मोटारीचा कारखाना अनेक भाग त्या त्या कामात मुरलेल्या उत्पादकांकडून आपल्या मापाप्रमाणे करवून घेतो, पारखतो, आणि मग आपल्या नावाच्या डब्यात घालून विकतो. ब्रेकचे काम तर आरंभापासून स्वतंत्र विद्या म्हणूनच वाढले. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने डोंगराळ भागातील गाडीवान उतारावर चाक आवळण्याकरिता लाकडी ठोकळ्यास जुन्या बुटाचे तळ ठोकतात हे पाहिले व त्यावरून लायनरची कल्पना त्यास सुचली, असे सांगतात. त्याने 1897 साली आरंभिलेला हा उद्योग पुढे फेरोडो या नावाने जगभर गेला. आपल्या देशात ब्रेक्स इंडिया ही कंपनी 1962 साली, राणे ब्रेक लायनिंग 1964 साली, आणि सुंदरम ब्रेक लायनिंग्ज 1974 साली निघाली. तिघींचे मूळ तमिळनाडूत आहे. मोटारीचा कारखाना असो वा बाजारपेठ असो, अशा उत्पादकांचा माल दोन्हीकडे जातो.

म्हणून बाजारातील मालाचे ‘कारखान्याचा’ व ‘बाहेरचा’ असे दोनच वर्ग करणे बरोबर नाही. आमच्या मते वर्ग चार आहेत. मोटार-कारखान्याच्या डब्यातील माल हा पहिला. त्याच दर्जाच्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला माल हा दुसरा. कमी प्रसिद्ध परंतु आपले नाव, गाव, तारीख व मानक उघडपणे छापणाऱ्या उत्पादकाचा माल हा तिसरा. आणि चौथा, ज्याचा कर्ता पुढे येत नाही, अथवा जो दुसऱ्याच्या नावाचा डबा पांघरून येतो. पहिल्या तिघांत डावे उजवे करता येईल. चौथ्याशी व्यवहारच करू नये. मातोश्री ज्यास ‘नकली’ म्हणत होत्या तो हा चौथा वर्ग होय. दुसऱ्याने प्रामाणिकपणे केलेली वस्तू नकली नव्हे.

आमच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक पेच होता. जिचा कारखानाच बंद झाला, तिचा ‘कारखान्याचा भाग’ म्हणजे कोणाच्या तरी गोदामात पडून राहिलेला जुना साठा. पुण्यास नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. तेथे आम्ही एक दिवस घालविला. एका दुकानदाराने फळीवरून धुळीने माखलेला डबा काढला व असा माल आता डोळ्यांस दिसणार नाही असे सांगून बाजारभावाच्या तिप्पट किंमत सांगितली. डब्यावर कारखान्याचे नाव स्पष्ट होते. उत्पादनाची तारीख मात्र कोठेच नव्हती. परत घेण्याच्या बोलीवर आम्ही तो आणला व मिस्त्रींपुढे ठेवला. त्यांनी आतील रबरी वाटी दोन बोटांत धरून हलकेच मुडपली. तिच्या कडेस केसासारख्या बारीक भेगा उमटल्या. पेटीत पडून राहिले तरी रबर म्हातारे होतच असते. माल अस्सल होता याविषयी आम्हांस शंका नाही. पण त्याचे वय त्याच्या अस्सलपणापेक्षा मोठे झाले होते. डबा परत गेला.

हे मातोश्रींस कसे पटवावे याची आम्हांस विवंचना होती. ती त्यांनीच दूर केली. सर्व हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "अरे, कुकरची रिंगसुद्धा मी जुनी झाली की टाकून देते. कंपनीची म्हणून वीस वर्षांची रिंग कोणी वापरील का?" यापुढे वादास जागा उरली नाही.

मग आम्ही एकच सरसकट नियम करण्याचे सोडून एकेका भागाचा निराळा विचार केला. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांस उपयोग व्हावा म्हणून तो विचार येथे क्रमाने देतो.

रबरी वाट्या व रबरी नळ्या: येथे ताजेपणा हाच मुख्य गुण. नामांकित उत्पादकाचा, तारीख छापलेला, नवा माल घ्यावा. मूळ कारखान्याच्या नावाचा मोह येथे मुळीच धरू नये, जर तो कारखाना बंद असेल.

लायनर: चांगल्या लायनरच्या कडेवर उत्पादकाच्या खुणेबरोबर बहुधा दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातील पकड दाखविते, दुसरे तापल्यानंतरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45. पहिल्या अक्षरापेक्षा दुसरे फार खाली असेल तर असा लायनर गावात चांगला वाटेल व घाटात दगा देईल. मात्र अधिक पकडीचा तो अधिक चांगला असेही समजू नये. पुढच्या व मागच्या चाकांची वाटणी मूळ रचनाकाराने ठरविलेली असते, ती बिघडली तर चाके अवेळी अडकून गाडी घसरते. तेव्हा मूळ जोगता मेळ असेल तोच घ्यावा, आणि एका आसाच्या दोन्ही चाकांस एकाच वेळी, एकाच जातीचे लायनर घालावेत. आपल्या देशात ब्रेकच्या लायनरकरिता आयएस 2742 हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख डब्यावर आहे की नाही ते पाहावे.

जुन्या साठ्यातील लायनरविषयी आणखी एक धोक्याची सूचना. पूर्वीच्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास घालीत. त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कर्करोगासारखे दुर्धर रोग संभवतात, हे आता निर्विवाद आहे. म्हणून त्या दृष्टीने नव्या घडणीचा, अ‍ॅस्बेस्टॉसरहित लायनर मूळ भागापेक्षा सरस ठरतो. जुने ड्रम उघडताना आतील धूळ तोंडाने अथवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. मिस्त्रींच्या हाताखाली जी लहान मुले काम शिकतात त्यांच्याकरिता हे विशेष सांगावेसे वाटते.

ड्रम: हा ओतीव लोखंडाचा, याला वयाची भीती कमी, झिजेची अधिक. मूळ ड्रम तडा न जाता मर्यादेत राहिला असेल तर लेथवर साफ करून तोच वापरणे उत्तम. आमच्या गाडीचे चारही मूळ ड्रम मापात भरले. वडिलांच्या गाडीतील अस्सल वस्तू ठेवावयाची ती येथे ठेवता आली, याचे मातोश्रींस समाधान वाटले.

ब्रेकचे तेल: हे सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित. नेहमीच्या वापरातील हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 3 प्रतीचे कोरे तेल 205 अंशांच्या वर उकळते. पाणी मुरल्यावर तीच मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाशी जाते. म्हणून तेल दोन वर्षांनी बदलावे, डबी सीलबंद घ्यावी, उघडलेली उरलीसुरली डबी पुढच्या सालाकरिता ठेवू नये. इंजिनाचे तेल तर त्यात चुकूनही घालू नये. त्याने रबरी वाट्या फुगून निकामी होतात.

आता खर्चाची गोष्ट. सर्वांनाच महाग भाग परवडतील असे नाही, हे आम्ही जाणतो. दूध घालणारा, भाजी वाहणारा, जुन्या जीपवर पोट भरणारा मनुष्य या लेखास हसेल की, तुमचे ठीक आहे. परंतु आमच्या हिशेबात आढळून आले ते त्याच्याही सोयीचे आहे. आम्ही जो संच घेतला तो दुसऱ्या वर्गातला, म्हणजे नामांकित उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला होता. नाना पेठेतील त्या धुळकट डब्याच्या तो एक तृतीयांश किमतीत मिळाला. आणि बिननावाच्या संचाहून त्यास जे अधिक पडले ते दोन वेळच्या पेट्रोलइतकेही नव्हते. काटकसर करावयाचीच तर गाडीच्या रंगात करावी, गादीत करावी, गाण्याच्या यंत्रात करावी. ज्यांच्या गाडीचा कारखाना आजही चालू आहे त्यांचे काम याहून सोपे आहे. त्यांनी अधिकृत विक्रेत्याकडे जावे, पावती घ्यावी, आणि किमतीत फारच अंतर दिसले तर दुसऱ्या वर्गातील माल पाहावा. पावती न देणाऱ्याकडून ब्रेकचा भाग घेऊ नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ संकटे टळतील.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सुरवडीनजीकच्या कमिन्सच्या कारखान्यात नोकरीस आहे. त्यास आम्ही विचारले की, तुमच्याकडे चांगला भाग व वाईट भाग नुसत्या डोळ्यांनी ओळखतात काय? तो म्हणाला, "नाही सर. आम्ही तो कुठून आला, कोणत्या खेपेतला, कोणी तपासला, हे कागदावर पाहतो, आणि मग मोजतो." डब्याच्या रंगावर विसंबणाऱ्या ग्राहकाने हे उत्तर लक्षात ठेवावे. वस्तूचा कर्ता, तिचे वय, तिची कसोटी, या तीन गोष्टींची ज्यास ओळख सांगता येते ती वस्तू विश्वासास पात्र. मग डब्यावर नाव मोटार-कारखान्याचे असो वा नसो.

मिस्त्रींनी सर्व भाग बसविले, नळ्यांतील एअर काढली, आणि नवे लायनर ड्रमवर नीट बसावेत म्हणून पहिले काही दिवस एकदम जोराचा ब्रेक न मारता हलक्या हाताने गाडी थांबविण्यास सांगितले. चिरंजीवांनी ही शिस्त पाळली. रिकाम्या सरळ रस्त्यावर त्यांनी गाडी पुनःपुन्हा उभी करून पाहिली. पेडल पहिल्या दाबास घट्ट लागे व ती रेषेत थांबे. चैत्रात आम्ही शिंगणापुरास गेलो. कावडी घेऊन आलेल्यांची रीघ लागली होती, त्यातून पावलापावलाने गाडी न्यावी लागली. परतताना उतारावर चिरंजीवांनी गाडी दुसऱ्या गिअरात घातली व इंजिनासच तिचा वेग आवरू दिला. कारण उत्तम ब्रेकसुद्धा घाटात राखून वापरावयाचे असतात. मातोश्री वाटेत डोळा लागून झोपल्या. प्रवासात त्यांस झोप लागणे म्हणजे चालविणाऱ्याची मोठीच प्रशंसा, हे आमच्या घरात पूर्वीपासून ठरलेले आहे.

शेवटी एक विचार मांडून हा लेख पुरा करतो. मोटारीचे बहुतेक भाग मालकाच्या सुखाकरिता असतात. गादी मऊ असली तर त्यास बरे वाटते. इंजिन चांगले असले तर तो लवकर पोहोचतो. ब्रेक मात्र जितका मालकाचा, तितकाच रस्त्यावरील अनोळखी माणसाचा असतो: आषाढी वारीत फलटणवरून पायी जाणाऱ्या वारकऱ्याचा, सायकलवरून शाळेस येणाऱ्या मुलीचा, अंधारात ट्रॉलीमागे चाललेल्या ऊसतोड मजुराचा. त्यांच्यापैकी कोणीही आमच्याबरोबर नाना पेठेत आलेले नव्हते. भाव करताना, डबा उघडताना, पसंती देताना त्यांस कोणी विचारले नाही. परंतु त्या भागावर सर्वांत अधिक काही अवलंबून असेल तर ते त्यांचे. येथे आपण वाचविलेला पैसा खरोखर आपला नसतो. तो त्यांच्याकडून न विचारता घेतलेला असतो. आपणांपैकी पुष्कळांच्या हाती आज ना उद्या एखादे चाक येणार आहे, मग ते मोटारीचे असो, ट्रॅक्टरचे असो वा दुचाकीचे. ते हाती घेण्यापूर्वी ती कशी थांबते, आणि ज्याच्या जोरावर थांबते तो भाग कोणी, केव्हा व कशाचा केला, एवढे प्रत्येकाने विचारून घ्यावे, हीच आमची सूचना आहे.